स्पोर्ट्‌स कारसाठी स्वतंत्र तज्ज्ञ मेकॅनिक निवडताना त्याचे ज्ञान कसे पारखावे?

प्रश्न – मागचे_इंजिन

नमस्कार. मी अलीकडेच २००६ सालची पोर्शे ९११ कॅरेरा एस विकत घेतली आहे. ही ९९७ पिढीतील सुरुवातीच्या टप्प्यातील, ३.८ लिटर इंजिनाची आणि हाताने गिअर बदलण्याची गाडी आहे. आधीच्या मालकाने जवळजवळ सर्व कामे कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात करून घेतली होती आणि त्यांची बिले माझ्याकडे आली आहेत. वॉरंटी संपून बराच काळ लोटल्यामुळे पुढची देखभाल एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे सोपवावी, असा माझा विचार आहे. केवळ पैसे वाचवणे हा त्यामागचा हेतू नाही. ज्या माणसाचे हात गाडीला लागणार आहेत, त्याच्याशी थेट बोलता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

सध्या दोन गॅरेजेस माझ्या विचाराधीन आहेत. पहिल्या ठिकाणी फक्त पोर्शे गाड्यांचे काम होते. जागा लहान आहे, मालक कमी बोलतात आणि त्यांनी बरीच पुढची तारीख दिली आहे. दुसरे गॅरेज प्रशस्त व अतिशय नीटनेटके असून तेथे अनेक कंपन्यांच्या महागड्या गाड्यांची कामे चालतात, आणि काम लगेच हातात घेण्याची त्यांची तयारी आहे. गाडीचा क्लच जड झाला आहे आणि इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला बारीक टकटक ऐकू येते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागणार असल्याने त्याच वेळी आयएमएस बेअरिंगही (इंजिनातील मधल्या शाफ्टचे बेअरिंग) बदलून देऊ, असे दुसऱ्या गॅरेजने आपणहून सुचवले आहे.

मी स्वतः तंत्रज्ञ नसताना समोरच्या माणसाला खरोखर किती कळते, हे कसे ओळखावे? कंपनीचेच डायग्नोस्टिक उपकरण असणे अनिवार्य आहे का? आणि अधिकृत केंद्राचे शिक्के थांबल्यामुळे गाडीची किंमत उतरते का?

प्रतिसाद – सहा_आडवे_सिलिंडर

तुमच्या शंकेचे बरेचसे उत्तर तुमच्याच प्रश्नातील आयएमएस बेअरिंगच्या उल्लेखात दडलेले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळ्यांना गती देणारा एक मधला शाफ्ट या इंजिनांमध्ये असतो आणि त्याच्या एका टोकाला जे बेअरिंग असते, त्यालाच आयएमएस बेअरिंग म्हणतात. ते निकामी झाले तर व्हॉल्व्हची वेळ बिघडते, धातूचे कण तेलातून सर्वत्र पोहोचतात आणि बहुधा संपूर्ण इंजिनच हातचे जाते. पोर्शेच्याच पहिल्या बॉक्स्टरपासून आणि ९९६ (तुमच्या ९९७ च्या आधीची ९११ ची पिढी) पासून २००८ पर्यंतच्या साध्या कॅरेरा गाड्यांच्या संदर्भात ही चर्चा होते. त्या काळातील ९११ च्याच टर्बो आणि जीटी३ या आवृत्त्यांची इंजिने निराळ्या घडणीची असल्याने त्यांना हा दोष लागू होत नाही, आणि २००९ पासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच उरलेला नाही.

आता मुद्द्याची बाब अशी की या बेअरिंगचे एकच रूप नव्हते. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत दुहेरी ओळीचे बेअरिंग होते, त्यानंतर एकेरी ओळीचे आले आणि तेच सर्वाधिक बदनाम झाले. २००६ ते २००८ या काळातील इंजिनांत मात्र आकाराने मोठे व अधिक टिकाऊ बेअरिंग बसवलेले आहे. पहिली दोन्ही बेअरिंगे गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढल्यानंतर मागच्या बाजूने बाहेर घेता येतात. मोठे बेअरिंग तसे निघत नाही, कारण क्रँककेसला (इंजिनाच्या बाहेरील मुख्य कवचाला) ठेवलेल्या छिद्रापेक्षा त्याचा बाहेरील व्यास मोठा आहे. ते बदलायचे असेल तर इंजिन उतरवून क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात, म्हणजेच इंजिन पूर्ण खोलावे लागते. त्यामुळे २००६ सालच्या गाडीत क्लचसोबत बेअरिंगही बदलून देतो असे जर कोणी निःशंकपणे सांगत असेल, तर त्याने एक तर तुमच्या गाडीचे वर्ष नीट ऐकलेले नाही किंवा त्याला हा फरक ठाऊक नाही. दोन्ही शक्यता सारख्याच काळजीच्या आहेत.

२००५ च्या सुमाराला दोन्ही प्रकारची इंजिने बाहेर पडत होती, शिवाय एखाद्या गाडीत मधल्या काळात दुसरे इंजिन बसलेले असू शकते, त्यामुळे केवळ नोंदणीच्या वर्षावरूनही अंतिम निष्कर्ष काढता येत नाही. जाणकार मेकॅनिक आधी इंजिन क्रमांक पाहील आणि गिअरबॉक्स उतरल्यावर मधल्या नटाचा आकार पाहून खात्री करील. मोठ्या बेअरिंगचा नट स्पष्टपणे मोठा, २२ मिलिमीटरचा असतो. बेअरिंग मोठेच निघाले, तर काही तज्ज्ञ त्याचे बाहेरचे सील काढून टाकतात, जेणेकरून इंजिनातील तेल त्याच्यापर्यंत पोहोचत राहावे. काही जण त्याला हातही लावत नाहीत. या दोन्ही भूमिकांमागे कारणे आहेत आणि मला त्यांपैकी कोणतीही भूमिका चालेल, फक्त ती का घेतली हे त्या माणसाला सांगता आले पाहिजे.

तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा: “माझ्या इंजिनात कोणते बेअरिंग आहे हे तुम्ही कसे ठरवाल, आणि ते मोठे निघाले तर काय कराल?” बेअरिंगची भीती घालणाऱ्यापेक्षा, ते बदलण्याची गरज कुठे नाही हे शांतपणे समजावून सांगणाऱ्याकडे माझा कल राहील.

तुमच्या गाडीच्या बाबतीत मला बेअरिंगपेक्षा त्या टकटकीची अधिक काळजी वाटते. ३.८ लिटरच्या या इंजिनांमध्ये सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे पडण्याचा दोष आढळतो, ज्याला सर्वजण बोअर स्कोरिंग म्हणतात. गरम इंजिनाची लयबद्ध टकटक, वाढलेला तेलाचा खप आणि एका बाजूच्या एक्झॉस्टच्या टोकावर साचणारी जास्तीची काजळी ही त्याची परिचित लक्षणे आहेत. परंतु हायड्रॉलिक टॅपेट, इंजेक्टर किंवा एक्झॉस्टच्या जोडातील गळती यांमुळेही तसाच आवाज येऊ शकतो. आवाज ऐकताक्षणी “इंजिन गेले” असे सांगणारा आणि “या गाड्या असाच आवाज करतात” म्हणून सोडून देणारा, हे दोघेही मला नको आहेत. योग्य माणूस बोअरस्कोपने, म्हणजे बारीक नळीच्या टोकावरील कॅमेऱ्याने, आत पाहील. स्पार्क प्लगच्या छिद्रातून दिसणारे दृश्य काही वेळा अपुरे ठरते, म्हणून गरज पडल्यास तेलाचा सम्प (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) काढून खालच्या बाजूनेही पाहील आणि त्याची छायाचित्रे तुम्हाला देईल. केवळ कॉम्प्रेशनची चाचणी घेऊन इंजिन निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला जात असेल, तर तो स्वीकारू नका. ओरखडे असलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशनही समाधानकारक येऊ शकते.

प्रतिसाद – पाना_पेटी

मी स्वतः याच व्यवसायात आहे, पोर्शेसह आणखी एक-दोन कंपन्यांच्या गाड्यांवर काम करतो. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. उपकरणांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी गॅरेजच्या आतल्या बाजूने देऊ इच्छितो.

पोर्शेच्या अधिकृत डायग्नोस्टिक यंत्रणेला पिविस म्हणतात. फेरारी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज या प्रत्येकाची अशीच स्वतःची यंत्रणा आहे. बाहेर मिळणारी काही बहुपयोगी उपकरणे आता चांगली झाली आहेत आणि दोषसंकेत वाचण्यापुरती ती पुरतात. पण नवे मॉड्यूल गाडीला जुळवून देणे, काही कॅलिब्रेशन करणे किंवा नियंत्रकातील खोलवरच्या नोंदी काढणे यांसाठी कंपनीची यंत्रणा किंवा तिच्या बरोबरीचे काही तरी लागतेच. तुमच्या गाडीत याचे सर्वांत उपयुक्त उदाहरण म्हणजे ओव्हर-रेव्हची नोंद. इंजिन ठरावीक मर्यादेपलीकडे किती वेळा गेले, हे ९९७ मध्ये सहा टप्प्यांत साठवले जाते आणि त्यासोबत ती घटना इंजिनाच्या किती तासांच्या चालीवर घडली, हेही कळते. खालच्या टप्प्यांतील नोंदी जोरात चालवलेल्या गाडीत सापडतातच, त्यांचे फारसे काही नसते. वरच्या टप्प्यांतील नोंद मात्र बहुधा चुकून खालचा गिअर पडल्याची खूण असते, कारण केवळ ॲक्सिलरेटर दाबून इंजिन तेथपर्यंत पोहोचत नाही, रेव्ह लिमिटर त्याला अडवतो. हा अहवाल काढून त्यातील तासांचा अर्थ जो समजावून सांगू शकतो, त्याच्याकडे उपकरणही आहे आणि ते वाचण्याची दृष्टीही आहे. नुसते उपकरण विकत घेता येते.

संगणकाच्या पडद्याइतकेच लक्ष गॅरेजमधील साध्या वस्तूंकडे द्या. या गाड्यांचे रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे कूलंटच्या नळ्या गाडीच्या पूर्ण लांबीतून जातात. कूलंट बदलल्यावर आत हवा अडकून राहिली तर सिलिंडर हेडजवळ स्थानिक पातळीवर तापमान वाढू शकते. म्हणून आम्ही आधी यंत्रणेतील हवा खेचून निर्वात करतो आणि मगच कूलंट भरतो. “कूलंट कसे भरता?” हा प्रश्न ग्राहक क्वचितच विचारतात, पण त्याच्या उत्तरातून कामाची शिस्त चटकन कळते. लिफ्टचे हात गाडीखाली नेमके कुठे लावतात, रबरी गाद्या वापरतात का, अनेक स्क्रूंनी बसवलेली खालची आवरणे काम झाल्यावर सर्व स्क्रूंसह परत जागेवर जातात का, चाकांचे बोल्ट शेवटी टॉर्क रेंचने आवळले जातात की एअर गनवरच काम संपते, हे उभे राहून पाहण्यासारखे आहे. मधोमध एकच नट असलेल्या चाकांच्या जीटी३ सारख्या काही मॉडेलांत तो नट ६०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा लागतो. अशा गाड्या नियमितपणे येत असतील, तर तेवढ्या क्षमतेचा रेंच भिंतीवर दिसायलाच हवा.

क्लचच्या अंदाजपत्रकाबद्दलही थोडे सांगतो, कारण गैरसमजांची सुरुवात तेथेच होते. फक्त क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट यांची किंमत धरून दिलेला आकडा कमी वाटतो, पण तो अपुरा असतो. ड्युअल-मास फ्लायव्हील किती हलते हे मोजून ते ठेवायचे की बदलायचे, हे ठरवावे लागते. रिलीज बेअरिंग, क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील आणि फ्लायव्हीलचे एकदाच वापरायचे बोल्ट यांचा विचार त्याच वेळी करावा लागतो, कारण नंतर त्यांच्यासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवणे म्हणजे संपूर्ण मजुरी दुसऱ्यांदा मोजणे होय. चांगल्या अंदाजपत्रकात नक्की लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आणि उघडल्यावर ठरतील अशा वस्तू वेगळ्या लिहिलेल्या असतात, आणि दुसऱ्या यादीतील कोणतीही गोष्ट ग्राहकाला विचारल्याशिवाय केली जात नाही.

सुटे भाग पोर्शेच्याच खोक्यातून आलेले असावेत, असा माझा आग्रह नसतो. साक्सचा क्लच किंवा लुकचे फ्लायव्हील मूळ पुरवठादाराकडून घेतले, तर त्यात कमीपणा काही नाही. पण वॉटर पंप, सील, इंजिनाचे माउंट अशा ठिकाणी अनोळखी बनावटीची स्वस्त वस्तू मी स्वतः बसवत नाही, आणि ग्राहकाने ती आणून दिली तर काम नाकारतो. गॅरेजने तुम्हाला एखादी गोष्ट नाकारली, तर लगेच रागावू नका, आधी कारण विचारा.

आणि पुढच्या तारखेबद्दल म्हणाल, तर लगेच जागा मिळणे हा दोष नाही आणि थांबावे लागणे ही गुणवत्तेची हमीही नाही. तरीही क्लचसारख्या कामासाठी मी आठवडाभराने अलीकडची तारीख मिळते म्हणून गॅरेज बदलणार नाही.

प्रतिसाद – पट्टा_की_साखळी

माझ्याकडे फेरारी आहे, त्यामुळे मी थोडी वेगळी बाजू मांडतो. अनेक कंपन्यांच्या गाड्या घेणारे गॅरेज आपोआप दुय्यम ठरते, असे मला वाटत नाही. खरा प्रश्न कंपनीचा नसून मॉडेलचा आहे. फेरारीच्याच व्ही८ गाड्या पाहा. ३५५ मध्ये टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी इंजिन उतरवावे लागते. ३६० मोडेनामध्ये आसनांमागील झाकण काढून तेच काम इंजिन जागेवर ठेवून होते. त्यानंतरच्या एफ४३० मध्ये बेल्टच नाही, साखळी आहे. या तिन्ही गाड्यांवर काम करणारे नावाने फेरारीचेच तज्ज्ञ, पण एफ४३० वर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाने ३५५ चे इंजिन उतरवलेले असेलच असे नाही. म्हणून “तुम्ही पोर्शे करता का?” असे विचारू नका. “माझ्या पिढीच्या गाडीत हेच काम याआधी केले आहे का, आणि तो ग्राहक माझ्याशी बोलेल का?” असे विचारा. ज्याने आपले काम मनापासून केले आहे, त्याला असा एखादा ग्राहक शोधावा लागत नाही.

काही बाबतींत मी आजही अधिकृत केंद्राकडेच जातो. रिकॉलचे, म्हणजे दोष आढळल्याने कंपनीने गाड्या परत बोलावल्याचे, काम असेल तर ते तेथेच आणि विनामूल्य होते, वॉरंटी संपलेली असली तरीही. चावी आणि इमोबिलायझर यांच्याशी संबंधित संकेतांसाठीही मला तोच मार्ग सुरक्षित वाटतो. स्वतंत्र तज्ज्ञ निवडणे म्हणजे अधिकृत केंद्राशी संबंध तोडणे नव्हे, आणि जो मेकॅनिक “हे एक काम तुम्ही कंपनीकडूनच करून घ्या” असे स्वतःहून सांगतो, त्याच्याबद्दलचा माझा विश्वास वाढतो.

किमतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नव्यासारख्या किंवा अजून वॉरंटीत असलेल्या गाडीला अधिकृत शिक्क्यांचा फायदा निश्चित होतो. एवढी वर्षे झालेल्या ९९७ च्या बाबतीत जाणकार खरेदीदार शिक्का पाहून थांबत नाही, तो बिले वाचतो. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या भाग-क्रमांकाची वस्तू बसवली आणि त्या वेळी काय आढळले, हे लिहिलेले बिल मला पुस्तिकेतील नुसत्या शिक्क्यापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. त्यामुळे निवड करण्याआधी दोन्ही गॅरेजकडे त्यांच्या एखाद्या जुन्या बिलाचा नमुना मागा, ग्राहकाचे नाव झाकून. “सर्व्हिस केली, तेल बदलले” एवढ्या एका ओळीचे बिल देणारा मेकॅनिक कितीही कुशल असला, तरी तुमच्या गाडीचा इतिहास तो कोरा ठेवतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – मागचे_इंजिन

सर्वांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न घेऊन मी दोन्ही ठिकाणी पुन्हा जाऊन आलो.

लहान गॅरेजच्या मालकांनी आधी इंजिन क्रमांक मागितला आणि गाडी गरम होऊ देऊन स्वतः दोन्ही बाजूंनी आवाज ऐकला. बेअरिंग बहुधा मोठे असणार, तसे असेल तर आपण ते काढणार नाही आणि गिअरबॉक्स उतरल्यावर नट पाहून सांगू, असे ते म्हणाले. आवाजाविषयी त्यांनी कोणतेही अनुमान सांगितले नाही. आत पाहिल्याशिवाय बोलणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले.

मोठ्या गॅरेजमधील प्रमुखांनी मात्र माझा प्रश्न ऐकून थोडा वेळ मागितला आणि दुसऱ्या दिवशी फोन करून कळवले की आमचा अनुभव जुन्या बेअरिंगच्या गाड्यांचा आहे, तुमच्या इंजिनात ते काम क्लचसोबत करता येणार नाही, त्यामुळे आम्ही तो मुद्दा अंदाजपत्रकातून काढत आहोत. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला, आणि त्यामुळे निर्णय अधिकच अवघड झाला. त्यांच्या बिलाचा नमुनाही अतिशय तपशीलवार आहे. लहान गॅरेजचे बिल हस्ताक्षरात असते, पण त्यात भाग-क्रमांक व्यवस्थित लिहिलेले आहेत. अशा स्थितीत तुम्ही काय केले असते?

प्रतिसाद – सहा_आडवे_सिलिंडर

माहिती तपासून आपले म्हणणे दुरुस्त करणारा माणूस वाईट मेकॅनिक नसतो. चाकांचे अलाइनमेंट, ब्रेक किंवा वातानुकूलन यांसाठी मी त्यांच्याकडे निःसंकोच जाईन. इंजिन आणि क्लचचे काम मात्र मी लहान गॅरेजकडे देईन, कारण तुमच्या गाडीच्या ज्या दोन गोष्टी नाजूक आहेत, त्या त्यांना न शोधता ठाऊक होत्या.

फक्त कामांचा क्रम बदला. क्लच आधी करू नका. पहिली भेट तेलबदल आणि बोअरस्कोप तपासणी एवढ्यासाठीच ठेवा. त्या वेळी काढलेला ऑइल फिल्टर उलगडून त्याच्या घड्यांमध्ये धातूचे कण आहेत का, हे तुमच्यासमोर पाहायला सांगा आणि सम्प उघडला तर त्याच्या तळाशी साचलेला गाळही बघा. जुन्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता आला तर उत्तमच. पुढील वेळी तुलना करायला आधार मिळेल. सिलिंडर स्वच्छ निघाले तर क्लचची तारीख निश्चिंतपणे घ्या. ओरखडे सापडले तर इंजिन कधी ना कधी उतरवावेच लागेल, आणि क्लच, फ्लायव्हील, मागचे सील ही सारी कामे त्याच मजुरीत होतील. मग त्या मोठ्या बेअरिंगचा प्रश्नही तेव्हाच, क्रँककेस उघडलेली असताना, सुटेल.

प्रतिसाद – पाना_पेटी

या क्रमाशी पूर्ण सहमत. एकच भर घालतो: क्लच जड झाला असला तरी घसरत नसेल, तर तपासणीपर्यंत गाडी सावकाश चालवायला हरकत नाही. वरच्या गिअरमध्ये वेग न वाढता इंजिनाचे फेरेच वाढू लागले, तर मात्र ती चालवणे थांबवा, कारण सततच्या घसरण्याने फ्लायव्हील तापते आणि बदलायची नसलेली वस्तूही बदलावी लागते. आणि तपासणीला जाताना गाडी टो करून नेऊ नका, चालवतच न्या. टकटक गरम इंजिनावर येते, तेव्हा इंजिन गरम असतानाच ती मेकॅनिकच्या कानावर पडली पाहिजे.